कोबा सुकल्याशिवाय फळी नको: पुण्याच्या घरात काँक्रीटवर लाकडी फरशी बसवताना

सहकारनगरमधल्या आमच्या घराच्या तळमजल्यावरच्या खोलीत मे महिन्यात लाकडी फरशी बसवून घेतली होती. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी त्या खोलीचं दार अर्ध्यावरच अडलं. दारासमोरची फरशी पोट काढून वर आली होती. पाय दिला की खाली जायची, पाय उचलला की पुन्हा वर. सुताराला वाटलं फळ्याच खराब आल्यात. भिंतीलगतचं स्कर्टिंग उचकटल्यावर खरी गोष्ट कळली. फळी आणि भिंत यांच्यात सोडलेली फट रंगाऱ्याने लांबी (पुट्टी) भरून बुजवून टाकली होती. फळ्यांखालचा पॉलिथिनचा कागद उलटा करून पाहिला, तर त्याच्या खालच्या अंगाला पाण्याचे थेंब धरले होते. कोबा (काँक्रीटवरचा सिमेंट-वाळूचा थर) घातल्यापासून फळ्या बसेपर्यंत जेमतेम सहा आठवडे गेले होते आणि त्यातले पहिले दहा दिवस त्यावर पाणी मारण्यातच गेले होते. फळ्यांचा काहीच दोष नव्हता.

ती फरशी काढून पुढच्या हिवाळ्यात मी स्वतः बसवली. नंतर भावाच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आणि दोन शेजाऱ्यांकडेही हात लावला. या कामात सुतारकी अवघड नाही. अवघड आहे ते खालच्या पाण्याला ओळखणं आणि वाट पाहणं.

जुन्या वाड्यांच्या माडीवरच्या तक्तपोशी पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या, त्यामागे उत्तम सागवान तर होतंच, पण त्या फळ्या तुळयांवर होत्या आणि त्यांच्या खालून वारा खेळत होता, हेही तेवढंच खरं. आपली फळी काँक्रीटवर बसते. काँक्रीट वरून कोरडं दिसलं तरी आत बारीक नळ्यांचं जाळं असतं आणि त्यातून ओल वर चढत राहते. वरून फळी टाकली की ती ओल बाहेर पडायची वाट बंद होते आणि सगळी फळीच्या पोटाला लागते. खालचं अंग फुगतं, वरचं तेवढं फुगत नाही, आणि फळी वाटीसारखी कडांनी वर येते.

कोणतं लाकूड, कोणत्या खोलीत

बाजारात तीन प्रकार समोर येतात. अस्सल लाकडाची फळी १८ ते २० मिमी जाड, पूर्ण सागाची किंवा ओकची. इंजिनिअर्ड फळी १० ते १५ मिमी, वर २ ते ४ मिमी खऱ्या लाकडाचा थर आणि खाली आडव्याउभ्या थरांचा प्लाय. तिसरं लॅमिनेट, ८ ते १२ मिमी, ज्याच्या वरच्या थरावर लाकडाचं चित्र छापलेलं असतं आणि गाभा दाबलेल्या भुश्शाचा.

माझं मत स्पष्ट आहे. पुण्यातल्या वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटला इंजिनिअर्ड फळी सर्वांत योग्य. थर एकमेकांना आडवे असल्यामुळे तिची हालचाल कमी होते, आणि वरचा थर ३ मिमीच्या पुढे असेल तर एखाद-दोनदा घासून पुन्हा पॉलिश करता येतं. अस्सल साग घ्यायचा तर खालची जमीन पूर्ण भरवशाची हवी. तळमजल्यावरच्या जुन्या बंगल्यात, जिथे जोत्यात मुरूम भरून त्यावर शहाबादी बसवली आहे आणि मध्ये ओल अडवणारा कोणताच थर नाही, तिथे ओलीचा बंदोबस्त केल्याशिवाय अस्सल लाकूड घालू नका. स्वयंपाकघर आणि बाथरूमला लागून असलेला पॅसेज दोन्ही वगळा.

हालचाल किती होते याचा एकदा हिशेब करून पाहा. हवेतली आर्द्रता ७५-८० टक्क्यांवर टिकून राहिली की लाकूड हळूहळू १४ ते १६ टक्के ओलाव्याकडे जातं. आर्द्रता ३५ टक्क्यांवर आली की ते ७ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतं. पुण्यात जुलै-ऑगस्ट आणि मार्च-एप्रिल यांच्यात एवढा फरक सहज पडतो. सपाट चिरलेला साग ओलाव्याच्या प्रत्येक टक्क्याला रुंदीत साधारण ०.२ टक्के हलतो. सात टक्क्यांचा फरक धरला तर ९० मिमीची एक फळी सव्वा मिलिमीटर हलते. तीन मीटर रुंद खोलीत अशा तेहतीस फळ्या बसतात, म्हणजे कागदावर ४० मिमीच्या वर, दीड इंचाहून जास्त. पॉलिशमुळे आणि बंद खिडक्यांमुळे प्रत्यक्षात हे कमी होतं, पण लाकूड कुठल्या दिशेला आणि किती जोराने ढकलतं ते या आकड्यावरून कळावं. उभ्या चिरेची फळी याच्या साधारण निम्मीच हलते. म्हणून सागात अरुंद आणि उभ्या चिरेची फळी मागा. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये "उभी चीर पाहिजे" म्हटलं की जाणता व्यापारी फळीचं टोक तुमच्यासमोर धरतो. टोकावर वर्षवलयांच्या रेषा रुंद पृष्ठभागाशी काटकोनात उभ्या दिसल्या पाहिजेत. पाडलेल्या वाड्यांचं जुनं सागवानही मिळतं आणि ते फार देखणं असतं. ते घेतलंत तर रंध्याखाली घालण्याआधी प्रत्येक फळीतले खिळे शोधून काढा, आणि जुनं झालं म्हणून ते हवेप्रमाणे हलायचं थांबलं असं समजू नका.

ओल मोजा, अंदाज बांधू नका

नवीन कोब्याला ठोकताळा असा: ५० मिमी जाडीपर्यंत चांगल्या कोरड्या हवेत दिवसाला साधारण १ मिमी सुकतो. ५० मिमीच्या कोब्याला पन्नास दिवस. त्याहून जाड असेल तर पुढच्या प्रत्येक मिलिमीटरला जास्त वेळ लागतो. हे दिवस आळी (कोब्यावर पाणी धरून ठेवणारे बांध) फोडून पाणी मारणं थांबवल्याच्या दिवसापासून मोजायचे, कोबा घातल्याच्या दिवसापासून नाही. आणि जून ते सप्टेंबर हे महिने या मोजणीत धरूच नका, तेव्हा कोबा सुकत जवळपास नाहीच. मेमध्ये घातलेला कोबा बहुतेक वेळा दिवाळीनंतरच फळीच्या लायक होतो. घाईच्या घरमालकाला हे ऐकवणं कठीण जातं, पण सांगायलाच हवं.

पहिली चाचणी फुकटात होते. दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लास्टिक घ्या, कोब्यावर पसरा आणि चारही बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद करा. किमान १६ तास लागतात, मी तीन दिवस ठेवतो. खाली थेंब धरले किंवा कोब्याचा रंग गडद झाला तर काम थांबवा. हे तुकडे एकाच जागी नाही, तर निदान चार ठिकाणी लावा: बाहेरच्या भिंतीलगत, बाथरूमच्या भिंतीलगत, बाल्कनीच्या दारापाशी आणि खोलीच्या मधोमध. भावाच्या फ्लॅटमध्ये तीन तुकडे कोरडे निघाले आणि बाथरूमच्या भिंतीजवळचा चौथा ओला. शोध घेतला तर बाथरूमच्या, बाकी खोल्यांपेक्षा खाली घेतलेल्या, स्लॅबमधून गळती झिरपत होती. आधी ती दुरुस्त केली, दोन महिने थांबलो, मग फळी आणली.

या चाचणीची मर्यादा ध्यानात ठेवा. प्लास्टिक कोरडं राहिलं याचा अर्थ पृष्ठभागापाशी त्या दिवशी ओल नव्हती, एवढाच. खोलवरची ओल त्यात दिसत नाही. अस्सल लाकूड किंवा महाग फळी घालायची असेल तर कोब्याच्या आतलं मोजून घ्या. एका पद्धतीत जाडीच्या ४० टक्के खोल भोक पाडून त्यात नळी बसवतात, वरून बंद करतात आणि किमान एक दिवस थांबून आतल्या हवेची आर्द्रता मोजतात. ती ७५ टक्क्यांच्या खाली हवी. दुसरी कार्बाइडची पद्धत. कोब्याचा तुकडा फोडून, वजन करून, बंद बाटलीत कॅल्शिअम कार्बाइडबरोबर हलवतात. ओलीशी त्याची क्रिया होऊन ॲसिटिलीन वायू तयार होतो, आणि बाटलीवरचा दाब पाहून कोब्यात किती टक्के पाणी आहे ते कळतं. सिमेंटच्या कोब्याला लाकडासाठी मर्यादा २ टक्के. चांगल्या चिकटद्रव्याच्या विक्रेत्याकडून हे मीटर घेऊन माणूस बोलावता येतो.

आकडे थोडे वर असतील आणि थांबणं शक्य नसेल, तर ओल अडवणाऱ्या इपॉक्सीचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा, हा मार्ग आहे. तळमजल्यावर मी तो आता विचार न करताच करतो. पण जमिनीखालून पाण्याची गळतीच होत असेल तर इपॉक्सी त्यावर उपाय नाही. आधी गळती शोधा.

सपाटी: दोन मीटरला एक सूत

सुतार आजही सुतात बोलतात आणि इथे ते फार सोयीचं आहे. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३ मिमीच्या किंचित वर. दोन मीटर लांबीची ॲल्युमिनियमची पट्टी कोब्यावर कुठेही, कशीही आडवी-उभी-तिरकी ठेवली तरी तिच्याखाली एका सुताहून जास्त फट दिसता कामा नये. पाणसळ इथे दुय्यम आहे. जमिनीला सगळीकडे थोडा उतार असेल तर चालेल, खड्डे-उंचवटे चालणार नाहीत. खड्ड्यावर बसलेली फळी चालताना दबते, तिची खाच-जीभ (एकीची जीभ दुसरीच्या खाचेत बसणारा सांधा) घासत राहते आणि वर्षभरात सांधा तुटतो.

पट्टी फिरवत खडूने उंच जागांवर गोल आणि खोल जागांवर फुली मारत जा. उंच जागा ग्राइंडरने घासा, त्याच वेळी वरची सिमेंटची साय आणि रंगाचे ठिपके खरवडून काढा. सगळा चुरा व्हॅक्युमने ओढून घ्या, झाडूने नाही. मग प्रायमर मारून खोल जागांत सेल्फ-लेव्हलिंग कंपाउंड ओता. पाणी पोत्यावर लिहिलंय तेवढंच, मोजून. "थोडं पातळ करू, पसरायला बरं" असं म्हणत बिगारी जास्त पाणी घालतो आणि मग वरचा थर भुगा होऊन सुटतो. मिमीभर जाडीला चौरस मीटरमागे साधारण पावणेदोन किलो माल लागतो, त्याप्रमाणे पोती मागवा.

जुनी व्हिट्रिफाइड फरशी असेल तर ती फोडायची गरज नाही, क्लिकची फळी (खाच-जीभ दाबून एकमेकींत अडकणारी) तिच्यावर बसते. फक्त काठीच्या टोकाने प्रत्येक लादी ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर ती पोकळ आहे. ती काढून पुन्हा बसवा. आणि आधीच पाहून ठेवा की सगळी उंची धरून दारं उघडतील का.

कधी बसवायची

पुण्यात नोव्हेंबर ते जानेवारी. तेव्हा लाकडाचा ओलावा मधोमध असतो, वर-खाली दोन्ही बाजूंना जागा राहते. मेमध्ये बसवलेली फळी पावसाळ्यात फुगते, ऑगस्टमध्ये बसवलेली मार्चमध्ये आकसून फटी दाखवते. फळी दुकानातून आली की लगेच बसवू नका. इंजिनिअर्ड आणि लॅमिनेटचे खोके न फोडता त्याच खोलीत तीन दिवस आडवे ठेवा. सागाच्या मोकळ्या फळ्या मध्ये पातळ पट्ट्या घालून एक-दोन आठवडे रचून ठेवा आणि टोचणीच्या मीटरने रोज मोजा. आकडा ९ ते ११ च्या दरम्यान येऊन सलग तीन दिवस हलला नाही, की ती तयार. तोवर खोलीतलं गिलाव्याचं आणि रंगाचं ओलं काम संपलेलं हवं.

मांडणी कागदावर

पहिली ओळ लावण्याआधी शेवटच्या ओळीचं माप काढायचं. समजा खोली ३०७० मिमी रुंद आहे आणि फळी १९० मिमीची. दोन्ही भिंतींपाशी १२ मिमी, म्हणजे चार सुतांची फट सोडली की उरले ३०४६. सोळा फळ्यांचे झाले ३०४०, आणि शेवटी ६ मिमीची कातळी उरते, जी कापता येत नाही आणि टिकतही नाही. म्हणून पंधरा ओळी पूर्ण ठेवायच्या आणि पहिली व शेवटची ओळ ९८ मिमीची कापायची. दोन्ही भिंतींपाशी सारखी पट्टी दिसते. शेवटची ओळ कधीही ५० मिमीहून अरुंद नको.

फळ्या खोलीच्या लांबीच्या दिशेने लावा. जिथून उजेड येतो त्या खिडकीकडे फळीची लांबी गेली की सांधे कमी दिसतात. जुन्या घरांत भिंती काटकोनात नसतात, तेव्हा भिंतीवर विश्वास न ठेवता लाइनदोरी बांधा. तीन-चार-पाचच्या मापाने (एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार, तर तिरकं पाच) काटकोन तपासा आणि पहिली ओळ दोरीला लावा.

क्लिकच्या फळ्या बसवणं

कोब्यावर २०० मायक्रॉनचा पॉलिथिन कागद पसरा. जोडावर एक तुकडा दुसऱ्यावर २०० मिमी चढवा आणि पूर्ण लांबी चिकटपट्टीने बंद करा. आमच्याकडे हीच पट्टी लावली नव्हती. भिंतीपाशी कागद दोन इंच वर वळवा. त्यावर २ ते ३ मिमीचा फोम, हा मात्र कडेला कड लावून, एकावर एक चढवून नाही. पायाला मऊ लागावं म्हणून जाड फोम मागू नका. त्यावर फळी खाली-वर होते आणि क्लिकचे सांधे मोडतात.

पहिल्या ओळीची जीभ भिंतीकडे ठेवा, भिंतीला लागणारी जीभ कापून टाका. भिंतीत आणि फळीत १२ मिमीच्या पाचरी दर दोन फुटांवर ठोका. ओळ संपली की उरलेला तुकडा १ फुटाहून मोठा असेल तर त्यानेच पुढची ओळ सुरू करा. लगतच्या ओळींचे उभे सांधे एकमेकांपासून निदान १ फूट दूर पडू द्या. फळी तिरकी धरून खाचेत घाला आणि खाली दाबा. सांधा मिटला नाही तर लाकडाचा ठोकळा मध्ये धरून हळू ठोका, हातोडी थेट फळीवर कधीच नाही. प्रत्येक तिसऱ्या ओळीनंतर लांब दोरी धरून ओळ सरळ आहे का ते पाहा. इथे पाव सूत चुकलं की दहाव्या ओळीला फट उघडते.

दाराच्या चौकटीपाशी फळीला खाचा पाडत बसू नका. फळीचा एक तुकडा उलटा फोमवर ठेवून त्याच्या उंचीवर करवत आडवी धरा, चौकटच खालून कापा आणि फळी आत सरकवा. उंबरठ्यापाशी दोन खोल्यांच्या फरश्या वेगळ्या ठेवून वर टी-पट्टी लावा. सलग लांबी ८-१० मीटरच्या पुढे जात असेल तर मध्येही तसंच करा.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. ही फरशी तरंगती आहे, तिला कुठेही खिळवायचं नाही. तिच्यावर भिंतीतलं कपाट उभं करू नका. आधी कपाट, मग त्याच्याभोवती फट ठेवून फरशी. एका शेजाऱ्यांकडे सगळं नीट बसवलं होतं आणि शेवटच्या दिवशी कोणीतरी दाराचा चुंबकी स्टॉपर फळीतून आरपार कोब्यात स्क्रूने पक्का केला. पावसाळ्यात फरशी त्या एका स्क्रूपाशी अडली आणि समोरच्या भिंतीपाशी वर आली. स्टॉपर भिंतीवर लावा. स्कर्टिंग भिंतीला ठोका, फळीला नाही. आणि रंगाऱ्याला स्वतः उभं राहून सांगा की ही फट मुद्दाम सोडलीय, हिच्यात लांबी भरायची नाही.

साग चिकटवून बसवायचा असेल तर

पायाला भरीव लागतं, आवाज येत नाही, आणि खरं सागवान आयुष्यभर घासून नवं करता येतं. त्यासाठी ६० ते ९० मिमी रुंद फळ्या घ्या. पांढरा पाण्याचा सुतारी गोंद इथे चालत नाही, त्यातलं पाणीच फळी फुगवतं. पॉलियुरेथेन किंवा सिलेनचं लवचीक चिकटद्रव्य घ्या, ते वाळल्यावरही थोडं ताणलं जातं आणि फळीला हलू देतं. दातेरी थापीने ते पसरा, एका वेळी हात पोहोचेल एवढ्याच भागात. सागाला स्वतःचं तेल असतं आणि ते चिकटू देत नाही, म्हणून फळीची खालची बाजू लावण्याआधी थिनरच्या कापडाने पुसा. पहिल्या दोन-तीन ओळींनंतर एक फळी उचलून पाहा. पाठीला जवळपास सगळीकडे द्रव्य लागलेलं दिसलं पाहिजे. कडेची १२ मिमीची फट इथेही हवीच.

वाळल्यावर मशीनने घासा: आधी ४० किंवा ६० नंबर, मग ८०, मग १२०. शेवटी पीयूच्या (पॉलियुरेथेन) पॉलिशचे तीन हात किंवा तेल-मेणाचं फिनिश. तेलाचं फिनिश केलंत तर त्याचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवून ठेवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

तिसरी पद्धत रिपांची. कोब्यावर १ फुटाच्या अंतराने रिपा बोल्टने पक्क्या करून त्यावर फळ्या ठोकायच्या. नाचाच्या किंवा व्यायामाच्या खोलीला ती छान. घरात मात्र दोन इंच उंची जाते आणि पोकळीत वाळवीला घर मिळतं. करायचीच तर रिपांना वाळवीचं औषध आधी पाजा. आणि कोब्यात भोक पाडण्याआधी विजेच्या नळ्या कुठून गेल्या आहेत ते विचारा. बऱ्याच फ्लॅटमध्ये त्या फरशीखालूनच जातात.

रोजच्या वापरात

घरकामाच्या मावशींना पहिल्याच दिवशी दाखवून द्या: बादली खोलीत आणायची नाही, कापड घट्ट पिळून, पुसल्यावर मिनिटभरात जमीन कोरडी झाली पाहिजे. दिवाळीच्या साफसफाईत पाणी ओतून धुणं इथे बंद. गणपतीत समईखाली ताट ठेवा, तेल मुरलं की डाग निघत नाही. पावसाळ्यात बाहेर जाताना पश्चिमेची खिडकी लावा. बाल्कनीच्या उंबरठ्याशी पाणी साचतं का ते पहिल्या मोठ्या सरीतच पाहून घ्या.

पहिल्या वर्षी दोनदा तपासणी करा. ऑगस्टमध्ये दर भिंतीपाशी स्कर्टिंगचा एक तुकडा काढून फट किती उरली ते पट्टीने मोजा आणि लिहून ठेवा, एप्रिलमध्ये पुन्हा. ऑगस्टमध्ये एखाद्या बाजूला फट २ मिमीच्या खाली आली असेल तर त्या बाजूची फळी तेवढी कापून घ्या, फरशी वर येईपर्यंत थांबू नका. आणि उरलेल्या फळ्या कुणाला देऊ नका. पाच-सहा फळ्या खोलीचं नाव आणि तारीख लिहून पलंगाखाली आडव्या ठेवा. दहा वर्षांनी एक फळी बदलायची वेळ आली, तर त्याच छटेची दुसरी बाजारात मिळत नाही.